शेपटाचा मेमो

पाटी मी लिहिली आणि मेमो मिळाला शिट्टीमावशींना.

मी कॉलेजचा कारकून, आणि कॉलेजच्या प्राणिघरात गिनीपिगच्या पिंजऱ्यांवर लावायची ती पाटी. पुस्तक शोधायचा कंटाळा, म्हणून मी शेजारच्या उंदरांची पाटी समोर ठेवून उतरवून काढली: शेपूट लांब, मागच्या पायांना पाच बोटं. मूळ देश गिनी, हे नावावरून माझं मीच ठरवलं. अक्षर इतकं सुरेख आलं की कुणाला शंका आली नाही. मावशींनी पाटीकडे पाहिलंही नव्हतं. जिच्याबद्दल लिहायचं ती मंडळी रोज समोर असताना पाटी कशाला वाचायची?

एकवीस वर्षांपूर्वी त्या फरशी पुसायला आल्या. वासामुळे प्राणिघर कुणालाच नको होतं, ते त्यांच्या गळ्यात पडलं. ताजा पाला चुकला की या जनावरांचे सांधे धरतात, दात जन्मभर वाढतात म्हणून कुरतडायला काही तरी हवंच, हे त्या बघून बघून शिकल्या. बाकीचं प्राणिशास्त्राच्या जुन्या सरांना विचारून. दारात त्यांचं पाऊल वाजलं की तीसच्या तीस गिनीपिग शिट्ट्या मारत, आणि मावशी उलट शिट्टी देत. नाव तिथूनच पडलं.

यंदा तपासणीला आलेले साहेब तीन दिवस मुक्कामाला होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटी वाचली, मग पिंजरे पाहिले. तीस प्राणी, एकालाही शेपूट नाही, मागच्या पायांना तीनच बोटं. हयगय झाली, प्राण्यांनी एकमेकांना कुरतडलं, असा निष्कर्ष काढून त्यांनी मेमो दिला. मावशींनी चूक लेखी कबूल करायची, मग प्राणिघर बंद आणि जनावरं दुसरीकडे. जुने सर निवृत्त झालेले, त्यांची जागा रिकामी, आणि प्राचार्य गणिताचे. मी त्या वेळी फायलींच्या कपाटाआड फारच कामात होतो.

मावशींनी शेपूट मुळातच नसतं म्हणून सांगून पाहिलं. साहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"मावशी, करून टाका सही," प्राचार्य म्हणाले. "एका सहीनं काय बिघडतंय?"

"सही केल्यानं शेपूट उगवणार असेल तर चार करते, सर."

एवढं बोलून त्या पाला चिरायला गेल्या. आपल्या हातून एक जनावर उपाशी राहिलं नाही, आणि हयगय म्हणे. रात्री त्यांना झोप लागली नसावी, पण दुसऱ्या दिवशी पिंजरे धुतलेले होते आणि सही झालेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी टॉवेलात काही तरी घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये साहेबांपुढे शिरल्या आणि मेमोच्या कागदावर एक पिल्लू ठेवलं.

"जन्माला तास झाला नाही, साहेब. अंगावर केस आहेत, डोळे उघडे, तोंडात दात. बोटं मोजा. पुढं चार-चार, मागं तीन-तीन. आणि याचं शेपूट कुणी कधी कुरतडलं, तेवढं लिहून द्या."

साहेबांनी चष्मा लावून बोटं दोनदा मोजली. पिल्लानं मेमोवर आपला ओला अभिप्राय नोंदवला.

"पण पाटीवर..." साहेब पुटपुटले.

गिनीचे तर हे नव्हेतच, मावशींनी सांगितलं. दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरांतले, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी घरात पाळलेले. डुकरांशी यांचं नातं नाही. नाव ठेवणारा आमच्या कारकुनाचाच कुणी भाऊबंद असणार, न बघता लिहिणारा. सगळ्यांच्या माना कपाटाकडे, म्हणजे माझ्याकडे वळल्या.

साहेब म्हणाले, ठीक आहे, विषय संपला. मावशी हलल्या नाहीत.

"लेखी दिलंत, लेखीच मागं घ्या."

घेतलं. त्या ओल्या कागदावरच आडवी रेघ मारून, सहीनिशी.

माझा निकाल मावशींनी दारातच लावला: नवी पाटी, आणि सात सकाळी तीस जणांचं गवत. सहा सकाळी मी कापलं, सातव्या दिवशी पाठ धरली. काल नवी पाटी घेऊन गेलो. मावशींनी ती या वेळी शब्दन् शब्द वाचली, खिळ्याला अडकवली, आणि कोपऱ्यातला विळा माझ्यापुढे धरला.

"पाठ बरी झाली असेल ना रे आता?"

मी उद्या येतो म्हणालो.