गर्डरवर फोडलेला नारळ

कोल्हापूर आलं ते धुक्यात. एसटीच्या खिडकीतून नदी दिसली तीही मळकट, मळीच्या वासाची. उतरवून घ्यायला मावसभाऊ दत्ता आला होता. हमरस्त्यावरच्या एका जुन्या लोखंडी पुलाच्या दुरुस्तीवर तो सुपरवायझर आहे. पुलाचं नाव सांगत नाही. का, ते कळेलच.

"आधी पूल दाखवतो, मग मिसळ," दत्ता म्हणाला. उलट केलं असतं तर बरं झालं असतं.

पुलाखाली गंजाचे पापुद्रे पडले होते, करपलेल्या भाकरीसारखे. वरच्या मोऱ्या तुंबलेल्या. ते पाणी वर्षानुवर्षं गर्डरवर (पुलाच्या मुख्य तुळईवर) ठिबकलेलं. मशीननं वाळूसारख्या कणांचा मारा करून एक गर्डर नुकताच राखाडी, लख्ख केला होता.

"नागडं लोखंड हाय हे," दत्ता म्हणाला. "आजच्या आज प्रायमरचा पहिला हात बसला पायजे. ओल लागली की गंज आलाच. माझी पोरगी रोज ह्याच पुलावरनं शाळेला जाती."

मी गंभीरपणे मान डोलावली. आपल्याला कळलं, असं मलाही वाटलं.

रंगाआधी पूजा. उदबत्ती लागली. रंगाऱ्यांचे मुकादम रघुमामा नारळ पुढं करून म्हणाले, "पावणं, तुमच्या हातानं हुं दे की! मान तुमचा."

मान म्हटलं की माझं डोकं बंद पडतं. डोळे मिटले आणि ज्याची पूजा त्याच्यावरच नारळ हाणला. थाडकन!

"दगडावर! त्यो दगड काय शोभंला ठेवलाय व्हय?" दत्ता ओरडला. तोवर पाणी ओघळून जुन्या गंजानं पाडलेल्या खळग्यांत शिरलं होतं. फडक्यानं पुसलं. मिसळ खाऊन परतलो, तर ओघळ विटकरी झालेला.

मशीन तोवर ट्रकवर चढून कागलच्या कामावर गेलं होतं. दत्तानं फोनवर विनवलं, मग शिव्या घातल्या. ते काही परत येईना. प्रायमर थांबवावा, तर दवानं अख्खा गर्डर गंजणार. मग तारेचे ब्रश घेऊन आम्ही घासत बसलो. माझी बोटं सोलली, खळग्यांतला तांबूसपणा हटेना.

"देवाचंच पाणी होतं ना, मामा?" मी म्हटलं.

"देवाला चालतंय ओ. लोखंडाला चालत न्हाय."

ऊन उतरलं. दत्तानं डाग अंगठ्यानं चोळून पाहिला आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "मारा." डाग प्रायमरखाली गेला.

"टिकेल ना?"

"आतनं फुगंल कवातरी. बघत ऱ्हायाचं, दुसरं काय."

मुक्काम पुलापलीकडं, दत्ताच्याच घरी होता. रात्री पांढरा रस्सा वाढला होता; मी वाटी बाजूला सारली. सकाळच्या एसटीत त्याची पोरगी माझ्याशेजारी बसली, मांडीवर दप्तर. पूल आला तसं मी सीटवरून अंग थोडं उचलून धरलं.

"काका, काय झालं?"

"पायाला मुंग्या आल्या गं."

कोल्हापूरहून लोक गूळ आणतात, चपला आणतात. मी एक सवय आणली. पावसाची झड लागली की दत्ताला फोन करून विचारतो, "पोरगी कशी आहे?"

"गेलीया शाळेला," तो म्हणतो. पुलाचं नाव कुणीच काढत नाही.