उकंडरावची आत न जाणारी दोरी

किन्हीराजाच्या शिवारात उकंडरावचा वांग्या-मेथीचा मळा आहे. माणूस कष्टाळू, पाण्याची पाळी कधी चुकवणार नाही. पण यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. पंखा असो, फवारणी पंप असो, बायकोचा मिक्सर असो, उघडायला तो कधी कचरला नाही. बंद करताना मात्र दोन-चार स्क्रू उरायचे. "कंपनीवाले जास्तीचेच टाकतात," म्हणून तो ते एका बरणीत जमा करायचा. बायको रुख्मिणी त्या बरणीकडे पाहून नुसतं कपाळावर हात मारायची.

त्याच्या बांधाला लागून धुरपताबाईची भेंडीची वाडी. बाई सत्तरीला टेकलेली, एकटी, पण आवाज खणखणीत. दोघांच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. चार वर्षांपूर्वी तिच्या शेंगांवरून भांडण पेटलं. "झाड आमचं," हा म्हणे. "माह्या सासऱ्यानं लावलं," ती म्हणे. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मे महिन्यात एका संध्याकाळी वावटळ सुटली आणि बाभूळ मुळासकट आडवी झाली, ती थेट पांदण रस्त्यावर. आता ती हटवायची कोणी, म्हणून लगेच दोघांचाही दावा उलटला. उकंडराव म्हणू लागला, झाड तिचं आहे. धुरपताबाई म्हणू लागली, झाड त्याचं आहे. पण दुसऱ्या दिवशी मालेगावचा बाजार होता. दुपारी तीनला मालऑटो येणार, आणि वांगीही त्यातच जायची, भेंडीही.

सकाळी उकंडरावने लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी आपली चेनसॉ बाहेर काढली. पंचक्रोशीत अशी मशीन आपल्याकडेच आहे याचा त्याला भारी अभिमान. धुरपताबाई बांधावर बसून बघते आहे, हे दिसल्यावर त्याने बाह्या सरसावल्या, मशीनवर पाय ठेवला आणि ती सुरू करायच्या दोरीला असा हिसका दिला की जणू विहिरीतून म्हैस ओढायची आहे.

कडक्! दोरी पार बुडापर्यंत बाहेर आली आणि आत जायचं नावच घेईना. उन्हात धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबत राहिली. मशीन गप्प.

"आठ दिवसांपासून दोरी हळूहळू जाऊन राह्यली होती ना?" रुख्मिणीने विचारलं. "तुमी हातानं आत कोंबत होते. मी पाह्यलं."

"तू गप वं. इंजिनमंदी बिघाड हाय."

बांधावरून आवाज आला, "रुख्मिणे, सांग त्याईले, चार स्क्रू काढून बाजूचं झाकण वेगळं करा म्हनावं. वेगळं केल्यावर दोरी आत गेली तं खोट इंजिनात. नाई गेली तं खोट झाकनात."

"रुख्मिणे," उकंडराव आभाळाकडे बघत म्हणाला, "त्याईले सांग, मले शिकवू नका."

"मी काय पोस्टमन हावो काय?" रुख्मिणी म्हणाली. दोघंही तीन पावलांवर होते.

पण त्याने झाकण काढलं. दोरी तशीच लोंबत राहिली. म्हणजे खोट झाकणातच. आत ज्या चाकावर दोरी गुंडाळते, त्याच्याभोवती भुसा आणि तेलाचा काळा लगदा साचला होता.

"चाकाखाली स्प्रिंग असते," बांधावरून पुन्हा सूचना. "वर गोनपाट टाकून, तोंड बाजूला घेऊन उचला म्हनावं. नाई तं उडन."

हे तिला कुठून ठाऊक, असा प्रश्न उकंडरावला पडला नाही. धुरपताबाईचा नवरा शिरपूरच्या बसस्टँडजवळ चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचा आणि ही शेजारी बसून त्याच्या हातात चिमटे-पेचकस द्यायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण वाकेल तो उकंडराव कसला! त्याने गोणपाट बाजूला सारलं, तोंड अगदी जवळ नेलं आणि पेचकसाने चाक उचकटलं.

स्सर्रर्र! आतून पोलादी पट्टी सुटली. तिने उकंडरावची टोपी उडवली, त्याच्या कानावरून गेली, वळवळत वांग्यांच्या पाटीवरून उसळली आणि उतारावरच्या विहिरीकडे घरंगळत निघाली. उकंडराव पाठीवर आपटला होता. तो ओरडला, "काकू, धरा! धरा तिले!"

धुरपताबाईने पदर सावरला नाही की गुडघे पाहिले नाहीत. उठली, दोन ढांगा टाकल्या आणि विहिरीच्या तोंडाशी स्प्रिंगवर चप्पल दाबून उभी राहिली.

मग ती म्हणाली, "कानाले लागलं काय रे उकंडा?"

"नाई, काकू. टोपीवरच निभावलं."

चार वर्षांचं मौन तिथेच सुटलं. स्प्रिंग मात्र सुटलीही होती आणि तुटलीही होती. तिच्या टोकाचा आकडा मोडला होता.

"एवढ्या जोरानं कोणी वढते काय? दोरीचा शेवट लागायच्या आंधी थांबावं लागते," धुरपताबाई म्हणाली. रुख्मिणीने चूल पेटवली. बाईने मोडकं टोक निखाऱ्यात तांबडं होईपर्यंत धरलं आणि पकडीने नवा आकडा वळवला. तोवर उकंडरावने लगदा खरवडून झाकण पेट्रोलने पुसलं, तेही चुलीपासून लांब जाऊन, कारण तसा हुकूम होता. मग बाईने फडक्यात धरून स्प्रिंग बाहेरून आत, वेढ्यावर वेढा घालत बसवली. एकही वेढा घसरला नाही. उकंडराव बघतच राहिला.

"आता चाक बसव. दोरी खाचेत अडकव, चाकाले तीन फेरे दे, घट्ट धरून ठेव. मंग दोरी सोड."

त्याने सोडली. सुर्रकन दोरी आत गेली आणि मूठ झाकणाला टक्कन येऊन बसली. उकंडरावने सात वेळा ओढून पाहिली, सातही वेळा हसला.

"पुरे करा," रुख्मिणी म्हणाली, "पुन्हा मोडसान."

अडीच वाजेपर्यंत बाभळीचे ओंडके रस्त्याच्या कडेला लागले. मालऑटो धूळ उडवत आला आणि वांग्यांच्या पाट्यांवर भेंडीची पोती टाकून गेला. रुख्मिणीने चहा आणला. तिघं ओंडक्यांवरच बसली.

"लाकडं तुमी न्या, काकू," उकंडराव म्हणाला. "झाड तुमच्या सासऱ्याचंच."

"मले एकटीले एवढी काय करायची? अर्धी तू ने."

चहाची कपबशी खाली ठेवून धुरपताबाईने स्वतःची बोटं नाकाशी नेली. मशीनच्या तेलाचा वास होता, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या बोटांना यायचा तसा. तिने पुन्हा एकदा हुंगलं. रुख्मिणीने विचारलं, "काय झालं वं, काकू? साबन देऊ?"

"राहू दे," ती म्हणाली. "सांजच्याले धुईन."