सोर्स कोड मिळणेबाबत

कार कंपनीला कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करणारा माणूस आज सकाळी गेला.

माझे अण्णाकाका. चाकूरच्या तहसील कचेरीत उभा जन्म कारकुनी केली. रिटायर झाले, पण अर्ज लिहायची खोड काही सुटली नाही.

तेव्हा मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होते. दोन विषय राहिले आणि पप्पांनी जाहीर केलं, "हिला झेपंना. शिक्षण बंद."
मी घरी येऊन बसले. रडून रडून डोळे सुजलेले.

त्याच सुमाराला काकांनी गाडी घेतली. फोन आला की तिच्या स्क्रीनवर मराठी नावांची जोडाक्षरं फुटायची.
सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सिस्टीमच तशी हाय."

काका ऐकतात होय! त्या स्क्रीनच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं जे पान जगात कुणी वाचत नाही, ते त्यांनी डिक्शनरी घेऊन तळापर्यंत वाचलं.
तिथं लिहिलेलं, यातल्या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या भागांचा मूळ कोड हवा असल्यास लेखी मागा.

लेखी! मग काय विचारता.

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." खाली इंग्रजी तर्जुमा. वर माहिती अधिकाराच्या अर्जाला लावतात तसा कोर्ट फी स्टॅम्प. रजिस्टर पोस्ट.

मी पोट धरून हसले. "काका, ते सरकार न्हाई!"
"नसू दे की. देतो म्हणलेत ना? मग मागायला कशाची लाज?"

दोन स्मरणपत्रं गेली. मग एक दिवस पार्सल आलं. डिस्क आणि पत्र.

पत्रावर माझं नाव. नावाआधी 'इंजिनिअर'.

"काका, माझ्या नावानं अर्ज केलात?"
"मग? वाचणार तू, तर मागणारी बी तूच."
"पण माझे दोन विषय राहिलेत!"
"त्ये निघतेत."

संध्याकाळी ते पत्र घेऊन काका पप्पांसमोर बसले.
"एवढी मोठी कंपनी पोरीला इंजिनिअर म्हणून पत्र धाडलीय. अन् तू बाप असून शिक्षण बंद करायलास?"

पप्पा ते पत्र दोनदा वाचून उठले. दुसऱ्या दिवशी स्वतः मला नांदेडच्या बसमध्ये बसवून आले.

काकांच्या गाडीतली जोडाक्षरं काही सुधारली नाहीत. बाहेरून काही बदलता येऊ नये अशी ती सिस्टीम बंद केलेली. पण तो कोड मी फाईल-फाईल करून वाचला, आणि दोन्ही विषय काढले.

आज मी पुण्यात गाड्यांच्या स्क्रीनचंच काम करते.

अण्णाकाका, मला स्वतःसाठी काही मागताच येत नव्हतं. ते तुम्ही मागितलंत.

तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.