कप्तानाचा चहा

मक्याच्या लाह्यांचा वास आला की मला मुलाचं कतारमधलं, अल खोरचं घर आठवतं. वर्ल्डकपची तयारी चालली होती आणि मजुरांच्या बसगाड्या स्टेडियमच्या कामावर पोचवणं ही त्याची नोकरी होती. त्या शुक्रवारी एसीत बसून, लाह्या खात, तो मला जुना काळापांढरा इंग्रजी सिनेमा दाखवत होता. त्यातल्या कप्तानाला जहाज हाकता येत नव्हतं. खडकावर आपटलं की तो खलाशांवर ओरडायचा. मुलगा हसून लोळत होता. मला हसू येईना, कारण माझा नवरा मच्छीमार बोटीवर तांडेल होता, बोटीचा कप्तानच म्हणा. बोट वाळूत रुतली तरी मालकापुढे तो स्वतः जाऊन उभा राहायचा, खलाशाचं नाव घेत नसे. तेवढ्यात साहेबाचा फोन आला. बसने माणसं चुकीच्या गेटवर उतरवली होती, दोन तास ती उन्हात उभी होती आणि एक जण चक्कर येऊन पडला होता. "ड्रायव्हर की गलती है सर, उसको निकालता हूँ," मुलगा म्हणाला. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "दोन नंबरचं गेट सकाळी तूच सांगितलंस त्याला. मी ऐकलंय." "आई, तुला यातलं काय कळतं? खलास तो विषय. चहा टाक." आठवड्याभरात ड्रायव्हरला मायदेशी पाठवलं. आता शेजारणी विचारतात, मुलाकडे का जात नाही? मी सांगते, तिथलं ऊन सोसत नाही. खरं तर त्या दिवशी मी उठले आणि चहा टाकला. त्याला आवडतं म्हणून आलंही किसून घातलं.