उमेशची डावी पोटरी

उमेशच्या डाव्या पायाचा अंगठा मी वर ओढला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत होता.

“दुखतं?”

“नाय डॉक्टर. बरो आसंय मी.”

सकाळी ऑपरेशन झालं होतं. भूल कधीच उतरली होती. पोटरी हाताला फळीसारखी लागत होती आणि नाडी एकशेवीसच्या घरात. थोडी सूज येणारच, हे मी स्वतःला दोनदा सांगून बघितलं. पटलं नाही. ज्याला काही होत नाही त्याची नाडी अशी पळत नाही.

मी प्लास्टिक सर्जन. डिचोलीत एका लहान खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनं करते. लोकांना वाटतं, मी दिवसभर नाकं सरळ करत असते. प्रत्यक्षात माझ्याकडे भाजलेले हात आणि खाणीच्या ट्रकखाली सापडलेले पायच जास्त येतात. पोटरीत इम्प्लांट बसवून घ्यायला येणारा क्वचितच.

उमेश पेडण्याचा. दशावतारात बायकांची कामं करायचा. नऊवारी तो माझ्यापेक्षा चांगला नेसतो, हे मी त्याच्या मोबाइलवरचे फोटो बघून मान्य केलं होतं. जन्मतः त्याचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. लहानपणी प्लास्टर घालून ते सरळ केलं, पण पोटरी कायमची बारीक राहिली. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या दिसतात. म्हणून तो मोज्याच्या आत चिंध्या भरायचा. एकदा राणीचा विलाप ऐन रंगात आला असताना चिंध्या घसरून घोट्यावर आल्या आणि पुढे बसलेली माणसं हसायला लागली. त्यानंतर तो माझ्याकडे आला. जत्रांचा हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणून ऑपरेशन पावसात ठरलं.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनचा मऊ, लांबट तुकडा. गुडघ्यामागे लहान छेद घेऊन तो आत सरकवायचा. पोटरीच्या स्नायूंवर एक पांढरं, चिवट आवरण असतं, त्याला फॅशिया म्हणतात. ते ताणलं जात नाही. इम्प्लांट त्याच्या खाली बसतं. आत रक्त साचलं किंवा सूज वाढली, तर लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबल्यासारखं होतं. दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळेनासं होतं आणि काही तासांत ते मरायला लागतात. एकदा मेलेला स्नायू परत येत नाही. याची पहिली खूण म्हणजे भयंकर दुखणं, तेही अंगठा वर ओढल्यावर. दुखलं तर लगेच सांग, कदाचित इम्प्लांट काढावं लागेल, हे मी उमेशला आधीच समजावलं होतं. त्याने नीट ऐकलं होतं. त्यातून त्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला होता, तो मला अजून कळायचा होता.

शेजारच्या स्टुलावर आबा बसले होते. नाटक कंपनीचे मालक. धिप्पाड माणूस, रावणाची कामं करणारे. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते उठले, पण दारातच उभे राहिले.

“उमेश, डोळे मीट. मी तळव्याला बोट लावते. कळलं की सांग.”

मी टाचेजवळ बोट लावलं.

“लागला.”

बोटांखाली लावलं.

“लागला.”

मग मी हात मागे घेतला आणि नुसतंच विचारलं, “आणि आता?”

“व्हय. लागला.”

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या.

“उमेश, मी बोट लावलंच नव्हतं.”

त्याने डोळे उघडले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि खालून पांढराफटक, घामेजलेला माणूस बाहेर आला. “दुपारपासून जीव जाता,” तो म्हणाला. “पण तुमी ता काढतलात.”

“काढणारच. आत्ता.”

“सकाळपर्यंत रवा. सूज उतारतली.”

“सकाळी पाऊल उचलणार नाही. मग स्टेजवर रांगत येणार आहेस का?”

मी ओरडले होते. पेशंटवर ओरडू नये, हे मलाही शिकवलेलं आहे. पण थिएटर तयार करायला वेळ लागणार होता, आणि सही नसताना मी त्याला हात लावू शकत नव्हते. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

आबा दारातून आत आले. “माका तू शिरेचा ऑपरेशन सांगितलंस.”

उमेशने चादर तोंडावर ओढली.

“सय कर,” आबा म्हणाले. “चिंधी ह्या खेपेक मी बांधतलंय. सुटाची नाय.”

उमेशने चादर खाली केली. मग त्याने पेन मागितलं.

थिएटरमध्ये टाके उघडताच साचलेलं रक्त भसकन बाहेर आलं. इम्प्लांट काढलं, फॅशिया लांबवर कापून सैल केला. खालचा स्नायू काळपट जांभळा होता. जिवंत स्नायू लाल दिसतो आणि चिमटा घेतला की आकसतो. मी चिमटा घेतला. काही नाही. सलाइनमध्ये भिजवलेली गरम फडकी ठेवून आम्ही थांबलो. त्या वेळी करण्यासारखं दुसरं काहीच नसतं. मी घाबरले होते. पाय गेला तर माझं नाव खराब होईल, हा विचारही मनात येऊन गेला, नाही असं नाही.

फडकी काढली तेव्हा कडेला लाली होती. मी पुन्हा चिमटा घेतला आणि स्नायू जरासा हलला. मी सिस्टरना म्हटलं, “बघितलंत ना तुम्ही?” माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता.

जखम काही दिवस उघडीच ठेवावी लागली, नंतर शिवली. पाऊल वाचलं. तळव्याचा एक तुकडा अजून बधिर आहे आणि पोटरी होती तशीच बारीक आहे, वर एक लांब व्रण. दिवाळीनंतर तो कामाला लागला. चिंध्या आबा बांधतात.

तेव्हापासून पायाला बोट लावून तपासताना मी मध्येच एकदा बोट न लावता विचारते. पेशंट नट असो नाहीतर बँकेतला क्लार्क. खोटं बोलणारे पुष्कळ निघतात.

परवा उमेश दाखवायला आला होता. जाताना दारात थांबला.

“डॉक्टर, फुडच्या पावसात सिलिकॉनचो बारको तुकडो घालूया?”

“दुखलं तर सांगशील?”

“सांगतलंय.”

त्याचा चेहरा इतका निर्मळ होता, की मी तिथल्या तिथे नाही म्हटलं.