आईची माती

गाव सोडलं त्या सकाळी एसटीच्या थांब्यावर आमची अख्खी मंडळी जमली होती. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची गावातली पाचपंचवीस घरं. वडीलधाऱ्यांनी प्रवासासाठी प्रार्थना सुरू केली ती संपेचना. ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला, पण गावातल्या सगळ्या आजाऱ्यांची नावं देवाच्या कानावर घातल्याशिवाय आमेन झालं नाही. माझ्या यजमानांना मुंबईला, गोरेगावच्या आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यांवर देखरेखीची नोकरी लागली होती. माझी पोरं लहान, म्हणून आई आमच्याबरोबर निघाली होती. थोरला भाऊ, दाविददादा, शेतीसाठी मागं राहिला.

आदल्या संध्याकाळी आई ओढ्यापलीकडच्या कबरस्तानात जाऊन बसली होती. बाबांच्या कबरीशेजारची जागा हातानं झाडून ती दादाला म्हणाली होती, "ही माझी. इथं दुसऱ्या कुणाला टाकलंस तर बघ." आमच्याकडे मेलेल्याचे पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येणार, तेव्हा उठून बसलं की तोंड त्याच्याकडेच व्हावं म्हणून. आईला स्वर्गाचं फारसं कौतुक नव्हतं. ह्याच देहानं, फक्त गुडघे न दुखता, बाबांच्या शेजारी उठायचं, एवढंच तिला हवं होतं.

गोरेगावात आल्यावर आम्ही नक्की कोण हेच लोकांना समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. नाव रत्नमाला, अंगावर नऊवारी, बोली नगरची, आणि म्हणे ख्रिश्चन! चाळीतल्या बायकांना वाटायचं आम्ही गोव्याचे, आणि जवळच्या कॅथलिक वस्तीला वाटायचं आम्ही नुसतेच घाटी. गावात आम्हाला कुणी काही विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. इथं नळावर पाणी भरतानासुद्धा साक्ष द्यावी लागे. आमची रविवारची उपासना शाळेच्या एका वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर. आई म्हणायची, "देवळाला जागा नाही तिथं माणसाला कुठली असणार?"

चाळीवरून एखादी प्रेतयात्रा गेली की ती दार लावून घ्यायची. "रत्ने, मला जाळू नका गं. देव हाक मारील तेव्हा राख ओ कशी देणार?" मी हसण्यावारी न्यायची. अजून कितीतरी वर्षं आहेत असं वाटायचं.

एका वैशाखात ती तापानं गेली, पहाटे, माझ्या मांडीवर. गावाला न्यायचं तर लॉरीनं दिवस मोडला असता, आणि त्या उन्हात देह टिकला नसता. जवळचं कबरस्तान कॅथलिकांचं. आम्ही प्रोटेस्टंट, तिथं आम्हाला जागा नव्हती. येशू एकच, पण त्याच्या दोन लेकरांना शेजारी झोपायची परवानगी नाही! आमचे यजमान जागेची चौकशी करायला धावले आणि मी अंधेरीला, आमची उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना आणायला. निघताना मी शेजारच्या कदममामांना सांगितलं, "मामा, आईच्या मातीची तयारी बघा." कदममामा नगरकडचेच, मराठा घरचे. गाववाला माणूस, त्याला जास्त काय सांगायचं?

पाळकसाहेबांना घेऊन मी परतले तर दारात तिरडी बांधून तयार, गाडग्यात विस्तव धुमसतोय, आणि हातगाडीवर लाकडं. आमच्या मुलखात अंत्यविधीला सगळेच 'माती' म्हणतात. पुरणारेही आणि जाळणारेही. जाळायला निघालेला माणूससुद्धा मातीलाच जातो. हे मला जन्मापासून ठाऊक, पण त्या वेळी सुचलं नाही. मला वाटलं माती म्हणजे माती.

"अवो ताई, तुमीच म्हनाला न्हवं, मातीची तयारी करा म्हनून?" कदममामा गोंधळून म्हणाले. त्यांच्या अंगाला घामाच्या धारा. त्या माणसानं सख्ख्या आईसाठी करावं तसं केलं होतं, आणि मी त्याच्यावर खेकसले, "आमच्यात जाळत नाहीत, एवढं कळत नाही?" ते बिचारे गाडगं उचलून मागच्या मोरीत विझवून आले.

तेवढ्यात यजमान आले. जागा मिळत होती, पण दूर, शहरातल्या मोठ्या कबरस्तानात, आणि तीही ठरावीक मुदतीची. मुदत संपली की कबर उघडून दुसऱ्याला देतात. पाळकसाहेब समजूतदार माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, शास्त्रात जाळायला कुठं मनाई नाही. ज्यानं धुळीतून माणूस घडवला, त्याला राखेतून घडवायला काय अवघड? समुद्रात बुडालेले, वाघानं खाल्लेले, तेही उठणारच आहेत. तयारी झालीच आहे, तर विचार करा."

मला पटलं. पटलं म्हणूनच चीड आली. बरोबर असलेली गोष्ट माझ्या आईला कोण सांगणार होतं? देवाला जमेल याबद्दल मला शंका नव्हती. पण तिचा जीव ज्याला भीत होता तेच तिच्यावर करायचं, आणि वर शास्त्राचा आधार द्यायचा? मी म्हटलं, "पुरायचं." लॉरी आली. कदममामांनी खांदा दिला, पहिली मूठ मातीही त्यांनीच टाकली. लाकडं चाळीमागं पडून राहिली, आणि पुढं बरेच दिवस सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापलं.

आता गावाकडच्यांनो, तुमच्याबद्दल. कुणीतरी गावात जाऊन सांगितलं, "म्हातारीची माती मुंबईत केली, लाकडंबिकडं आणली होती." झालं! रत्नीनं आईला जाळली, म्हणून तुम्ही मोकळे. मंडळीत कुणी माझं नाव घेईना. एकानंही विचारलं नाही, की रत्ने, खरं काय? मुंबईला गेलेलं माणूस बिघडतंच हे तुम्ही एसटीच्या थांब्यावरच ठरवलं होतं बहुतेक. आणि इथल्यांना मी अजून गावंढळच वाटते. दोन्हीकडून मार खाणारा मृदंग म्हणतात तो मीच.

मुदत संपत आली तेव्हा मी दादाला पत्र घातलं, तसा अर्ध्या विश्वासानं का होईना, तो आला. आईची हाडं गावाला नेऊन बाबांच्या शेजारी ठेवायची म्हणून पत्र्याची पेटी घेऊन आला होता. वाटेत माझ्यापासून लांबच्या बाकावर बसला. कबर खणताना मात्र त्यानं पाहिलं की आई पुरलेली होती, जाळलेली नव्हती. त्यानं माझा हात धरला. मला राग आला, इतकी वर्षं हा हात कुठं होता म्हणून, पण मी सोडवला नाही.

पुढं जे झालं ते गावात कुणाला सांगायचं धाडस दादाला झालेलं नाही, म्हणून मी सांगते. खणणाऱ्यानं हात थांबवले. आईच्या खाली आधीचं कुणीतरी होतं, नीट न काढलेलं. पावसानं जमीन खचून सगळं एकमेकांत मिसळलं होतं. दादा गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा विचारत राहिला, "ह्यातली आई कुठली? रत्ना, सांग ना, ह्यातली आपली आई कुठली?" परक्या कुणाला बाबांच्या शेजारी झोपवण्याची आमची हिंमत झाली नाही. सगळी हाडं तिथल्या भिंतीकडेच्या खोल खड्ड्यात गेली, इतरांच्या हाडांबरोबर. दादा रिकामी पेटी घेऊन गावाला परतला.

निघताना तो म्हणाला, "तुझी तरी जागा गावाकडे राखून ठेवतो." चांगलं बोलला. पण नको, दादा. गावाकडच्यांनो, तुम्हीही ऐका. आई उठेल ती त्या खड्ड्यातून, हजार अनोळखी माणसांत. एवढी वर्षं मुंबईत राहून ती बाजारापलीकडे कधी एकटी गेली नाही. बाबा तिकडे ओढ्यापलीकडे तिची वाट बघत उभे राहतील, आणि ती इथं येणाऱ्याजाणाऱ्याला नगरची वाट विचारत फिरेल. तिला हाताला धरून गावाला आणणारं कुणीतरी इथं पाहिजे. मला इथंच पुरा.