कारवारच्या किनाऱ्यावर माझा खराटा

समुद्र पाहायला जायचं हे ठरलं ते नणंदेच्या पत्रामुळे. साठच्या दशकातली गोष्ट. हेब्बाळच्या तळ्याहून मोठं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे मराठी, बोलण्यात कानडी मिसळलेलं. थोरल्या नणंदेला सगळे अक्काच म्हणत. ती कारवारच्या अलीकडे एका कोळीवस्तीत शिक्षिका होती. ‘नाताळच्या सुट्टीत ये, वेली लावायला हात कमी पडताहेत,’ असं तिनं लिहिलं होतं. यांना कारखान्यातून रजा मिळेना.

“एकटी जाशील?” हे म्हणाले. “सरी, मग सामान स्वल्पच ने.”

रात्रभर रेल्वेनं हुबळी, तिथून यल्लापूर-अंकोल्यावरून बस. तुम्ही जाणार असाल तर एक ऐका: अरबैल घाटात खिडकीची जागा धरा आणि पोट रिकामं ठेवा. मी हुबळीत चार वडे चापले होते, त्याची शिक्षा घाटात भोगली. पण अंकोल्यापुढे झाडांमधून एकदम समुद्र दिसला आणि मी कंडक्टरला मोठ्यानं विचारलं, “हा सगळा तोच का?” अख्खी बस हसली.

वस्तीतली अडचण अक्कानं पहिल्याच संध्याकाळी सांगितली. पूर्वी थंडीत इथे कासवं अंडी घालायला यायची. मासे सुकवायला जागा हवी म्हणून लोकांनी वाळूवरची मर्यादवेल उपटली. वाळू उघडी पडून वाऱ्यानं उडू लागली, होती ती अंडी माणसांनी नेली, आणि कासवं यायची थांबली. दोन वर्षं घरोघर जाऊन अक्कानं शाळेसमोरचा पट्टा वेलीसाठी मागून घेतला होता. अंडी उचलायची नाहीत, हेही लोकांनी कबूल केलं होतं. पण पुरसो तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचा म्होरक्या, त्यानं अट घातली होती: रविवारपर्यंत कासव आल्याची खूण दिसली नाही, तर जागा परत मासे सुकवायला.

दोन दिवस आम्ही बायकांनी पलीकडच्या खाडीवरून वेल कापून टोपल्यांतून आणली आणि तिचं एकेक पेर ओल्या वाळूत दाबलं. दुपारी बांगड्याचं कालवण आणि भात असायचा. आमच्याकडे मासे चालत नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं.

रविवारी पहाटे मी सगळ्यांआधी उठले. अक्काची खोली शाळेला लागून, दारापुढे अंगण आणि पुढे थेट वाळू. आज माणसं यायची, अंगण घाणेरडं कसं ठेवायचं? खराटा घेतला आणि पार वेलीपुढच्या वाळूपर्यंत झाडून काढलं, उंबऱ्याशी सडा घातला, रांगोळी काढली. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

अक्का बाहेर आली. “वाळूवर काही दिसलं का गं?”

“कुणीतरी पोतं ओढत नेल्यासारखं होतं. झाडून टाकलं.”

ती मटकन पायरीवर बसली. “कासव होतं ते. दोन वर्षं घालवली गं मी यात.”

पाण्याजवळची खूण भरतीनं पुसली होती, वरची मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसं जमली तेव्हा मीच पुढे होऊन सगळं सांगितलं.

“कासव आलं म्हणता, आणि खूण झाडून टाकली म्हणता,” पुरसो म्हणाला. “बरं जमवलंत, बाय!”

सगळे हसले. मग मात्र मी चिडले. रोज रांगोळी घालणारी बाई मी. एकदा पाहिलेली नक्षी विसरत नाही. काठी घेतली आणि वाळूत ती खूण जशीच्या तशी, पुऱ्या मापाची काढली: कुठून वर आली, वेलीशी कुठे वळली, कुठून परत गेली.

पुरसो उकिडवा बसला. “डावी-उजवी पावलं मागंपुढं का काढलीस?”

“तशीच होती. बेढब दिसत होती, म्हणून तर आधी ती झाडली.”

“इथलं कासव तसंच चालतं,” तो लोकांकडे वळून म्हणाला. “रचून सांगणारीनं दोन्ही बाजू सारख्या काढल्या असत्या.”

वळणाच्या जागी त्यानं टाचेनं वाळू दाबून पाहिली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पांढरंशुभ्र अंडं दिसलं तसे सगळे पुढे वाकले. त्यानं ते हळूच परत झाकलं. “या हातानं आजवर नुसती उचलली,” म्हणाला, आणि होडीवरचं जुनं जाळं आणून भोवती बांधलं. अक्का रडत होती. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

बेंगळुरूला परतल्यावर बऱ्याच दिवसांनी तिचं पत्र आलं. पिल्लं समुद्रात गेली होती, आणि शेजारचा पट्टाही लोकांनी आपणहून वेलीला दिला होता. खाली लिहिलं होतं, ‘उजाडून वाळू पाहिल्याशिवाय समुद्राच्या बाजूला कुणी झाडू लावायचा नाही, असा नियम पुरसोनं केलाय. सगळी वस्ती त्या नियमाला तुझ्याच नावानं ओळखते.’

हे पोट धरून हसले. मी नाही हसले. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. त्या किनाऱ्यावर एक नियम मात्र आहे, तोही माझ्या चुकीचा, आणि मला त्याचा अजून अभिमान वाटतो.